विश्लेषण : महाड-पोलादपूरच्या घाटांत गाडीतला रेडिओ कामाला येईल का?

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि आणखी काही वाहने पुरात वाहून गेली. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या लक्षात आले, त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून आणखी बळी टळले. ‘पुढे पूल नाही’ हे तीन शब्द मागच्या सगळ्या चालकांना एकाच वेळी ऐकू जातील, अशी सोय या रस्त्यावर तेव्हा नव्हती. गाडीत बसवायचा सीबी, म्हणजे सिटिझन बँड रेडिओ नेमका याच कामाचा आहे.

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक जणांचा जीव गेला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. महाड शहर पाण्याखाली, रस्ते बंद, मोबाइल सेवा कोलमडलेली. तळियेत मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. मोबाइलचा मनोरा वीज आणि केबलवर चालतो. या दोन्ही गोष्टी नेमक्या अतिवृष्टीतच दगा देतात. रेडिओला मनोरा लागत नाही. एका गाडीतून निघालेला आवाज थेट दुसऱ्या गाडीत पोहोचतो. शिवाय फोन एकाला लागतो. रेडिओ त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना ऐकू येतो.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या २००५च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमाल ५ वॉट प्रक्षेपणशक्तीचा संच परवान्याविना वापरता येतो. मात्र संचाला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता हवी. अँटेनासंबंधीच्या अटीही संच घेण्याआधीच तपासाव्यात. ऑनलाइन मिळणारा कोणताही वॉकीटॉकी या सवलतीत बसत नाही. हॅम रेडिओ तर वेगळाच. त्यासाठी परीक्षा आणि परवाना लागतो.

पॉवर वाढवून घेतली तर?

संचात फेरफार करून किंवा ‘बूस्टर’ जोडून ताकद वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. हे बेकायदा आहेच, शिवाय त्याचा फायदाही फारसा नाही. शक्ती चौपट, म्हणजे ५ची २० वॉट केली, तरी मोकळ्या जागेत पल्ला फार तर दुप्पट होतो. मध्ये डोंगर असेल तर तेवढाही नाही. उलट इतरांच्या संदेशांत खरखर वाढते. अमेरिकेत १९७३च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी सीबी घरोघरी पोहोचवला, तोही ४ वॉटच्या मर्यादेत.

गाडीत बसवताना काय पाहावे?

खरी मेहनत घ्यायची ती अँटेनावर. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर; तो घाटातल्या गाडीवर झेपत नाही. म्हणून गाडीसाठी गुंडाळी असलेला आखूड अँटेना वापरतात. पत्र्याच्या टपाचा मध्य ही त्याची सर्वात चांगली जागा, कारण टपाचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो. अँटेना बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावी. आकडा दीडच्या आसपास असेल तर उत्तम. तीनच्या वर गेल्यास संच जळू शकतो. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज लावावा. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, तिथे १२ व्होल्टचा कन्व्हर्टर हवा. संच एअरबॅगच्या आड येऊ नये आणि माइक रस्त्यावरची नजर न हटवता हाती यावा.

मर्यादा कोणत्या?

दोन गाड्यांत संवाद होतो तो काही किलोमीटरपुरता. आंबेनळी, वरंध किंवा कशेडी घाटात एक डोंगर आड आला की आवाज तुटतो. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा बचावलेला एकमेव प्रवासी वर चढून आल्यावर बातमी बाहेर पडली. दरीतून रेडिओही पोहोचला असता, याची खात्री नाही. पण वर रस्त्यावर रेडिओ असलेली गाडी उभी असेल, तर तिच्यापुढची साखळी जोडता येते.

मग करायचे काय?

एकट्याने घेतलेला रेडिओ म्हणजे नुसता डबा. पलीकडे ऐकणारा हवा. म्हणून हा विषय हौशी चालकांवर सोडण्यासारखा नाही. महाड आणि पोलादपूर तहसील कार्यालये, रुग्णवाहिका, दरडी हटवणारे जेसीबी, वडापच्या जीप आणि दरडप्रवण गावांतली एकेक गाडी यांच्यासाठी एक ठरलेले चॅनेल हवे. घाटमाथ्यावर संदेश पुढे देणारी माणसे नेमायला हवीत. मे महिन्यात नालेसफाईसारखीच या साखळीची रंगीत तालीम व्हावी. मान्यताप्राप्त साध्या संचांचा खर्च आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून करणे अवघड नाही. ५ वॉट पुरेसे आहेत. मुसळधार पावसाच्या रात्री ते ऐकायला कुणीतरी जागे असले पाहिजे.