ऐरावताची फ्लॉरेन्स-यात्रा

आमच्या नातवाजवळ सावंतवाडीचा एक लाकडी हत्ती होता. उंची चार बोटें, पाठीवर तांबडी झूल, आणि सोंडेचा रंग चोखून चोखून उडालेला. त्याचें 'ऐरावत' हें नांव आम्हींच ठेविलें होतें. गेल्या वैशाखांत चिरंजीव सहकुटुंब इटलीस गेले, तेव्हां ऐरावतहि खिशांतून गेला. आणि फ्लॉरेन्स शहरीं त्यानें घालविलेल्या एका दिवसाचीं छायाचित्रें घटकेघटकेस आमच्या फोनवर येऊं लागलीं.

प्रथम स्वारी तेथील मोठ्या चर्चच्या घुमटासमोर उभी. ब्रुनेलेस्कीनें हा घुमट १४३६ सालीं पुरा केला, तोहि जमिनीपासून लाकडी आधार न देतां. पुढें नदीवरचा जुना पूल. आमची गुजरी उचलून पंचगंगेच्या पुलावर मांडावी, तशीं त्यावर सोनारांचीं दुकानें आहेत. पूर्वीं तेथें खाटीक बसत. १५९३ सालीं राजाज्ञेनें त्यांस उठवून सोनार बसविले. नंतर बाजारांतला ब्राँझचा रानडुक्कर, आणि त्याच्या पाठीवर आमचा ऐरावत! त्या डुकराचें नाक चोळलें असतां भाग्य उजळतें अशी तेथील समजूत असल्यामुळें तें नाक लखलखीत झालें आहे. "पोर डुकराला शिवलं की काय?" असें मातुश्रींनीं विचारतांच, "वराहावतारच तो," असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली.

तिसऱ्या प्रहरीं मात्र मंडळी आमच्या सांगण्यावरून कासीने उद्यानाच्या पार टोंकास गेली. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, आणि परत येतांना फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर रोजीं निवर्तले. वय अवघें वीस. त्या शहरीं दहनाची चाल नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्रीं चिता रचण्यांत आली. परक्या मुलुखांत, अशा घाईंतहि, बरोबरच्या माणसांनीं संगमच गांठला, हें आमच्या मनांतून जात नाहीं. १८७४ सालीं तेथें छत्री उभी राहिली. आंत फुलर नांवाच्या शिल्पकारानें घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आपला नवा राजवाडाहि त्यांचाच. जवळच्या पुलास आज 'हिंदी गृहस्थाचा पूल' अशा अर्थाचें नांव आहे.

कोल्हापुरांत आम्हीं तीस वर्षांवर मास्तरकी केली. आमचे कितीतरी विद्यार्थी राजाराम कॉलेजांत गेले. तें नांव ताराराणींच्या पतीचें, अशीच बहुतेकांची समजूत. ती आम्हीं कधीं दुरुस्त केली नाहीं. क्रमिक पुस्तकांत नव्हतें, म्हणून वर्गांतहि आलें नाहीं.

शेवटच्या छायाचित्रांत ऐरावत छत्रीच्या पायथ्याशीं उभा होता. रात्रीं सूनबाईंचा संतापून फोन आला. हत्ती मुद्दाम तेथेंच ठेवून चिरंजीवांचे चिरंजीव परतले होते! आम्हीं दटावण्याच्या सुरांतच कारण विचारलें.

"आबा, महाराजांजवळ आपल्याकडचं कुणीच नव्हतं."

पुढें आमच्यानें बोलवेना. आतां येत्या रविवारीं सावंतवाडीस जाऊन चितारआळींतून दुसरा हत्ती आणावयाचा आहे. झूल तांबडीच हवी, अशी सक्त ताकीद आहे.