खंड सांगा, पान सांगा!

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा आपला माणूस शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तक घेऊन घरी जातो. हा चळवळीचा अभिमान आहे. पण त्याच समाजाचा विद्यार्थी पीएच.डी.चा प्रबंध लिहायला बसतो तेव्हा तळटिपेत 'इंटरनेटवरून साभार' एवढेच टाकून मोकळा होतो. कोणते संकेतस्थळ, कोणाचा मजकूर, कधी पाहिला, कशाचाच पत्ता नाही!

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे घोषवाक्य आपल्या घराघरात आहे. परंतु जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतील बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात शिक्षणानंतर संघर्ष येतो आणि संघटन शेवटी. इंटरनेटवर दोन्ही क्रम बाबासाहेबांच्याच नावावर फिरतात. मूळ भाषण न पाहता संशोधकाने कोणता क्रम लिहायचा?

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात पैजवन शूद्र होता की नाही हे ठरवण्यासाठी त्यांनी शांतिपर्वाच्या वेगवेगळ्या हस्तलिखितांतील पाठ समोरासमोर मांडले. ऐकीव पुराव्यावर ते विसंबले नाहीत. म्हणूनच मनुवाद्यांना त्यांचे उत्तर देता आले नाही. आपण मात्र मोबाईलवर आलेले वाक्य प्रबंधात घालतो आणि विरोधकाच्या हाती आयते कोलीत देतो.

आज साधनांची वाण नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले खंड इंटरनेटवर मिळतात. त्यांचा आधार घेताना खंड, आवृत्तीचे वर्ष, पान आणि संकेतस्थळाचा पत्ता द्या. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील 'जातिनिर्मूलना'च्या इंग्रजी संहितेत परिच्छेदांना क्रमांक आहेत, तिथे परिच्छेद क्रमांक द्या. इतर मजकुराला लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, पत्ता आणि पाहिल्याची तारीख. तारीख अशासाठी की छापलेले पान बदलत नाही, संकेतस्थळावरचे पान रातोरात बदलते किंवा नाहीसे होते.

ही केवळ शिस्तीची बाब नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील ६० टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडून उचललेला आढळला, तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. योग्य उल्लेख करून अवतरणात दिलेला मजकूर मात्र या मोजणीतून वगळला जातो. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोहोचलेल्या मुलामुलीची अनेक वर्षांची मेहनत एका तळटिपेअभावी वाया जाऊ द्यायची का?

परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली आकाराला आलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये होती. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या विहारांतील अभ्यासिकांनी संदर्भ कसा द्यावा हे रविवारी तासभर शिकवावे. त्याला निधी लागत नाही, मंत्र्याची शिफारस लागत नाही.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने भाषणात बदल सुचवले तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यांच्या तोंडी त्यांची नसलेली वाक्ये घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?