फुगे घरी, पुस्तके कपाटात

ग्रंथालयातील विनामूल्य कुटुंबदिनास नातवासह गेलो होतो. चित्रकला, जादूचे प्रयोग, अल्पोपाहार, सारे यथासांग. मराठी पुस्तकांच्या कपाटास मात्र कुलूप, आणि किल्ली रजेवरील कर्मचाऱ्याकडे! ग्रंथ वापरासाठी असतात, हा डॉ. रंगनाथनांचा पहिलाच नियम १९३१ सालचा. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय तर १८३२ सालचे. एवढ्या जुन्या परंपरेच्या गोव्यात बालवाचकाने फुगा घेऊन परतावे? मुरगावातील आपल्या घरांतली नातवंडे मराठी बोलतात, वाचत नाहीत. सगळा दोष सरकारच्या माथी मारणे, त्याच खुर्चीत आयुष्य घालवलेल्या मला शोभणार नाही. किल्ली मागण्याचा आग्रह मीही धरला नाही. पुढील कुटुंबदिनी मात्र नातवाच्या नावे सभासदत्वाचा अर्ज भरून, पुस्तक हाती पडल्यावाचून आपण कोणीही तेथून उठू नये.