दोन सेकंदांचा हिशेब

मोजमाप न करता टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची कमाल मुदत, वाढवत नेणे किंवा मोठा सर्व्हर घेणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे होय, ही या सदराची जुनी भूमिका असून या आठवड्यात एका कंपनीतील प्रकाराने तिला पुन्हा दुजोरा मिळाला आहे. तेथील प्रोग्रॅमला त्याच विंडोज यंत्रावरील डेटाबेसशी जोडणी करण्यास दर वेळी सुमारे २ सेकंद लागत होते, आणि त्यावर उपाय म्हणून अधिक मेमरीचा सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव मंजुरीपर्यंत जाऊन पोहोचला होता.

प्रत्यक्षात पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' या नावाऐवजी १२७.०.०.१ हा आकडा घालताच तीच जोडणी मिलिसेकंदाच्या आत झाली. यंत्र, प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांपैकी काहीही बदलले नसल्यामुळे ही तुलना निर्णायक ठरते. 'लोकलहोस्ट' या नावाचे दोन पत्ते निघतात, त्यांपैकी नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा आधी वापरला जातो; डेटाबेस मात्र केवळ जुन्या आयपीव्ही४ पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, कान देऊन बसला होता. अशा वेळी बंद पोर्टकडून तत्काळ नकार येतो, परंतु विंडोज तो नकार अंतिम न मानता अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पुन्हा प्रयत्न करते, तर लिनक्स पहिल्याच नकाराची वार्ता प्रोग्रॅमला देऊन त्याला दुसऱ्या पत्त्याकडे वळू देते. "ब्राउझरमध्ये तर लगेच उघडते" हा युक्तिवादही येथे टिकत नाही, कारण आधुनिक ब्राउझर पहिल्या पत्त्याच्या निकालासाठी अडून न राहता थोड्याच अवधीत दुसऱ्यावरही प्रयत्न सुरू करतात. 'हॅपी आयबॉल्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीत हा अवधी २५० मिलिसेकंद सुचवला आहे.

याचा अर्थ असा की, विलंबाचा आकडा दर वेळी तोच येत असेल तर संशय प्रथम एखाद्या घड्याळावर घ्यावा. जोडणीची विनंती करणारे पहिले पॅकेट हरवल्यास ते साधारणतः १ सेकंदाने पुन्हा धाडले जाते आणि पुढील प्रतीक्षा दर वेळी दुप्पट होते, म्हणून अशा जोडण्या १, ३ किंवा ७ सेकंदांनी जुळतात. नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर मुका राहिल्यास लिनक्सवर सहसा ५ सेकंद जातात. याउलट अंतराचा विलंब भूगोलाने ठरतो: काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून सुमारे १३ हजार किलोमीटरवरील व्हर्जिनियाची एक फेरी १३० मिलिसेकंदांच्या खाली आणणे कोणत्याही खरेदीने साधणार नाही. भारामुळे होणारा विलंब मात्र गर्दीबरोबर वर-खाली होतो, आणि मोठ्या सर्व्हरचा विचार करायचाच असेल तर तो फक्त तेथे करावा.

हा फरक ओळखता न येण्याचे मूळ अभियांत्रिकी शिक्षणात आहे, हे पुन्हा सांगणे भाग आहे. टीसीपीची तीन टप्प्यांची जोडणी विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात, पण वायरशार्क हे पॅकेट टिपणारे साधन उघडून विनंतीचे पॅकेट कोणत्या क्षणी सुटले आणि उत्तर कोणत्या क्षणी आले, हे पाहण्याची सवय त्यांना लावली जात नाही. मग नोकरीत तेच विद्यार्थी सॉकेट, म्हणजे कार्यप्रणालीने प्रोग्रॅमला दिलेले संवादाचे टोक, ही एक बंद पेटी मानतात.

उपाय स्वस्त आहे. नावाचा पत्ता मिळण्यास लागलेला वेळ, जोडणी होण्यास लागलेला वेळ आणि पहिले उत्तर येण्यास लागलेला वेळ, हे तीन आकडे प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे नोंदवावेत, आणि ज्या खरेदी प्रस्तावासोबत हे आकडे जोडलेले नसतील तो व्यवस्थापनाने वाचण्यापूर्वीच परत पाठवावा.