खलनायक कुठून आणायचा?

जेआर या फ्रेंच कलाकाराच्या 'द गन क्रॉनिकल्स' या हलत्या भित्तिचित्रावर एका टीकाकाराने झोड उठवली आहे. तक्रार अशी: अमेरिकेत बंदुकीने माणसं मरत असताना याने बंदूकवाले आणि बळी शेजारी शेजारी उभे केले, निषेधाचा शब्द काढला नाही, म्हणजे हा भित्रेपणा. शिवाय ही पत्रकारिता, कला नव्हे. आणि याने बदललं काय?

कला की पत्रकारिता, हे ठरवून कुणाचंच भलं होणार नाही. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' यावर आपल्याकडे पिढ्या भांडल्या. पदरात काय पडलं? बदलाचं म्हणाल, तर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं मारली गेली आणि चारच महिन्यांनी बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं साधं विधेयक सिनेटमध्ये अडलं. बाजूने ५४ मतं, हवी होती ६०. वीस लेकरांच्या मरणाने जे झालं नाही, ते भिंतीकडून मागायचं?

भित्रेपणाचा आरोप मात्र मला असह्य होतो. २०१८ मध्ये 'टाइम' नियतकालिकासाठी जेआरने डॅलस, सेंट लुइस आणि वॉशिंग्टन इथल्या २४५ जणांचं चित्रण केलं. शिकारी, पोलीस, बंदुकांचे संग्राहक, गोळी लागून वाचलेले, जखमींवर उपचार करणारे डॉक्टर. सगळे एका कृष्णधवल पटावर एकत्र हलत राहतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच आवाजात ऐकता येतं. टीकाकाराला यात खलनायक सापडत नाही, म्हणून तो चिडला आहे.

पण त्या वर्षीचा हिशेब त्याने पाहिलाय का? अमेरिकेत बंदुकीने जवळपास चाळीस हजार माणसं गेली. त्यातल्या चोवीस हजारांहून अधिक आत्महत्या! शाळेतला माथेफिरू नाही, गल्लीतला गुंड नाही. घराच्या रक्षणासाठी घेतलेली बंदूक पलंगाशेजारच्या खणात पडलेली असते, एखाद्या रात्री मन खचतं, हात तिथे जातो. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्याला दवाखान्यात नेता येतं. बंदुकीने प्रयत्न करणारा क्वचितच वाचतो. अनेकदा बंदूक विकत घेणारा तोच, चालवणारा तोच आणि मरणाराही तोच. या माणसाला बंदूकवाल्यांत उभं करायचं की बळींत? टीकाकाराने सांगावं. दोन रांगा आखून एकीला शिव्या देणं सोपं आहे, आणि त्यात हा माणूस कुठेच बसत नाही.

तुलनेसाठी बंदुकीवरचीच दुसरी कलाकृती घ्या. कलाकार ख्रिश्चन मार्क्लेच्या 'क्रॉसफायर'मध्ये (२००७) चार बाजूंच्या पडद्यांवरून सिनेमातल्या बंदुका थेट प्रेक्षकावर रोखल्या जातात आणि धडाधड चालतात. कलाकृती जबरदस्त आहे. पण त्या बंदुका हॉलिवूडच्या आहेत. खणातली बंदूक तिथे नाही.

जेआरच्या पटावर ती आहे, कारण ती बाळगणारे तिथे स्वतः बोलतात. उद्या कायदा बदलायचा झाला, तर मतं याच लोकांची लागणार आहेत. बंदूक का ठेवतो, हे त्या शिकाऱ्याने सांगावं आणि गोळी शरीरात काय करते, हे डॉक्टरने सांगावं. दोघांचंही पुरतं ऐकून घेतल्याशिवाय या कामाला भित्रं म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही.