‘ढ’ कोण ठरवतो?

“या पोरांना शिकायचंच नाही, आम्ही तरी काय करणार?” चौसाळा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर शाळेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडते. ते ऊसतोड मजुरांच्या मुलांबद्दल असते, आणि त्यातली कितीतरी मुले आपल्या वस्तीतली असतात. आमचा या वाक्याला विरोध आहे. शिकण्याची इच्छा मूल जन्मताना घेऊन येते. ती टिकते की मरते, हे बऱ्याच अंशी वर्गात ठरते.

बीड जिल्ह्याचे वास्तव सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावरच परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, काही आईबापांसोबत फडावर जातात. पाच-सहा महिन्यांनी परत आलेले मूल वर्गात पाऊल ठेवते, तेव्हा गुरुजींच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य फार मोलाचे असते. “आलास? बस इथं, कुठवर आलंय बघू,” असे म्हटले तर मूल वही काढते. “आले बघा कोयतेवाले!” असे म्हटले आणि वर्ग हसला, तर ते मूल मागच्या भिंतीला टेकते. पुढे ते शाळा सोडते आणि आपण त्याला ‘गळती’ म्हणतो. गळणारे मूल दिसते, गळवणारा वर्ग दिसत नाही.

हे केवळ भावनेच्या भरात आम्ही म्हणत नाही. उत्तर प्रदेशातील गावांमध्ये कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. मग बुद्धी कुठे गेली? ती गेली नव्हती, दबली होती. आता आठवा, आपल्या वर्गांत “स्कॉलरशिपवाले उभे राहा” असे किती सहज म्हटले जाते!

यावर काही जण म्हणतील, “बाबासाहेब नाही का शिकले एवढ्या हालात?” हा युक्तिवाद फसवा आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अशा अवस्थेतून एक बाबासाहेब घडले म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. त्या गोणपाटावरून किती मुले कायमची उठून गेली, याचा हिशेब कुणी ठेवला? शिवाय बाबासाहेबांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजीही भेटले. त्यांनी या विद्यार्थ्याची वाचनाची ओढ हेरली, बुद्धचरित्र भेट दिले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. मुलावर विश्वास ठेवणारा एक शिक्षक काय करू शकतो, ते यातून दिसते.

सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील मुक्ता साळवेने 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ज्या मुलीला अक्षर पाहण्याचाही हक्क नव्हता, तिने थेट धर्मालाच प्रश्न विचारले. जोतिरावांना शिक्षकाच्या वृत्तीचे महत्त्व नेमके कळले होते. म्हणूनच 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली, की प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून, मुलांत मिसळणारे असावेत.

पण शिक्षक आपल्या समाजाचा असला की प्रश्न मिटतो का? नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच एक प्रयोग केला. उत्तरपत्रिकांवर विद्यार्थ्यांची जात चिठ्ठी टाकल्यासारखी, कशीही लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानलेल्या जातीचे नाव असलेल्या पेपरला किंचित कमी गुण मिळाले, आणि कमी गुण देणाऱ्यांत खालच्या मानलेल्या जातींतील शिक्षकच पुढे होते. मनुवाद फक्त शेंडीत नसतो, तो लाल पेनातही असतो. आपल्या नोकरदार बंधू-भगिनींनी हे मनावर घ्यावे.

शिक्षकांच्या अडचणी आम्हाला मान्य आहेत. एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे. याविरुद्ध ते लढतील तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. पण मुलाला त्याच्या नावाने हाक मारायला कोणते अनुदान लागते? चुकलेले गणित हसू न येऊ देता पुन्हा समजावायला कोणता जीआर लागतो? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. भर वर्गात ‘ढ’ म्हणणे हा छळ नाही तर काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिष्यवृत्तीची नावे वर्गात पुकारू नका, पालकांना स्वतंत्र बोलवा. बसण्याच्या जागा दर आठवड्याला बदला. हंगामावरून परतलेल्या मुलाला पहिला महिना रोज थोडा वेळ वेगळा द्या. त्याने फडावर मोळ्या मोजल्या आहेत, वजनकाट्याची पावती पाहिली आहे. त्याचे गणित तिथूनच सुरू करा. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या महत्त्वाच्या बैठका मजूर गावात असताना घ्या. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. पण ज्यांची मुले सर्वाधिक मागे पडतात तेच पालक अर्धे वर्ष फडावर असतील, तर ते प्रश्न विचारणार कधी?

मित्रांनो, ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांना रोज ऐकवतो. तो मुलांपुरता नाही. शिकू द्या, हे शाळेला ठणकावून सांगणे आपले काम आहे. यंदा टोळ्या परततील तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक मुलासोबत एक जाणता माणूस शाळेच्या दारापर्यंत जाऊ द्या.

जय भीम!