ॲप शिकवताना आधी विचारा: खरा आकडा कुठे आहे?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. त्यामुळे मुलांना ॲप बनवायला शिकवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण बहुतेक ठिकाणी सुरुवात बटण, रंग आणि पडदा यांपासून होते. माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायला शिकवावं: ॲपमधला खरा आकडा नेमका कुठे ठेवलाय?

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. पनवेल तालुक्यातलं कर्नाळा पक्षी अभयारण्य मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. १९६८ साली ते घोषित झालं. शाळांच्या सहली इथे नेहमी येतात. समजा, आठवीच्या मुलांनी 'हरियाल' पायवाटेवर पक्षी नोंदवण्यासाठी एक छोटं ॲप बनवलं. त्यात तीन पडदे आहेत: पक्ष्यांची यादी, एकूण संख्या आणि नकाशा.

एका गटाने सहा बुलबुल नोंदवले, दुसऱ्याने चार. तिन्ही पडद्यांवर दहा दिसतात. मग दुसऱ्या गटाच्या लक्षात येतं की एक बुलबुल नव्हता, दयाळ होता. यादीत दुरुस्ती होते, तिथे बुलबुल नऊ. पण नकाशावर अजून दहाच! कारण प्रत्येक पडद्याने आपापला आकडा स्वतःजवळ ठेवला होता. आता खरं कोणाचं मानायचं?

यावरचा उपाय म्हणजे प्रतिक्रियाशील प्रवाह, म्हणजेच रिॲक्टिव्ह स्ट्रीम. नाव जड आहे, कल्पना आपल्या ओळखीची आहे. निकालपत्रक एक्सेलमध्ये करताना आपण एका विषयाचे गुण बदलले की बेरीज आणि टक्केवारी आपोआप बदलते. बेरजेच्या चौकटीत आपण आकडा लिहीत नाही, सूत्र लिहितो. इथेही तसंच. प्रत्येक नोंद आणि प्रत्येक दुरुस्ती ही एक घटना. घटना एकाच दिशेने वाहत एका जागी येतात. तिथे ॲपची सध्याची स्थिती, म्हणजे स्टेट, ठरते. पडदे फक्त ऐकतात आणि दाखवतात. आकडा परस्पर बदलायचा अधिकार एकाही पडद्याला नाही.

फ्लटरमधली ब्लॉक पद्धत किंवा कोटलिनमधला स्टेटफ्लो याच विचारावर उभे आहेत. यात दोन बारकावे मुलांना जरूर सांगावेत. पहिला, उशिरा आलेला मुलगा जसा विचारतो, "आत्तापर्यंत किती झाले?", तसं नव्याने उघडलेल्या पडद्यालाही शेवटची स्थिती कळायला हवी. स्टेटफ्लो ती सांभाळून ठेवतो, साधा प्रसारण-प्रवाह ठेवत नाही. दुसरा, पडदा बंद झाला की ऐकणंही थांबवायचं. नाहीतर उघड्या राहिलेल्या नळासारखी मेमरी वाया जात राहते.

काही जण म्हणतील, एवढ्याशा ॲपला एवढा पसारा कशाला? बरोबर आहे. एकच पडदा असेल तर साधा चल पुरतो. ब्लॉकच्या चार-चार फायली लिहायला लावणं म्हणजे हंडाभर पाण्यासाठी धरण बांधणं. माझा आग्रह साधनाचा नाहीच, सवयीचा आहे.

आणि एक गोष्ट विसरू नये. तिन्ही पडद्यांवर सारखा आकडा आला म्हणजे तो खरा झाला असं नाही. दोन गटांनी एकच थवा मोजला असेल तर प्रवाह निमूटपणे दुप्पट बेरीज दाखवेल. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. नुसत्या आवाजावरून नोंद केली तर ॲप तीही विनातक्रार घेईल. २००२ पासून चालणाऱ्या ई-बर्ड या जागतिक उपक्रमात म्हणूनच एकत्र फिरलेल्यांना एकच यादी वाटून घेता येते, आणि शंकास्पद नोंदी माणसं तपासतात. आकड्यांचा मेळ प्रवाह घालतो, खरेपणाची जबाबदारी मात्र माणसावरच राहते. मुलांनी शिकायचं ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी एक तास मैदानावर घ्या. चार गट आणि एकच वही. नोंद चिठ्ठीवर लिहून वहीवाल्याकडे द्यायची, आधीची नोंद खोडायची नाही, चुकली तर दुरुस्तीची नवी चिठ्ठी द्यायची. फळ्यावरचा आकडा फक्त वहीतूनच येईल. तासाच्या शेवटी विचारा, "नऊ कुठून आले?" मुलं एकेक चिठ्ठी मागे जात उत्तर शोधतील.

पालकांनाही एक विनंती. मुलाने ॲप बनवून दाखवलं की छान म्हणाच, पण सोबत हेही विचारा, "हा आकडा चुकला तर तुला कुठे बघावं लागेल?" मुलगा किंवा मुलगी एकाच जागेकडे बोट दाखवू शकली, तर शिकवणी सार्थकी लागली असं समजा.